मागून मारलेली हाक

नर्मदा कानात यंत्र बसवून मुंबईहून परत आली, तेव्हा कॉलनीतल्या बायकांना वाटलं होतं की आता ही घरात पाय ठेवल्या ठेवल्या रेडिओ लावणार. तसं वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती. चष्मा लावला की दिसतं, कवळी बसवली की चावता येतं, मग एवढं मोठं ऑपरेशन केल्यावर ऐकू यायला नको?

पण हे यंत्र वेगळ्याच जातीचं होतं. कानामागचं हाड कोरून डॉक्टरांनी आत बारीक तार सोडली होती. बाहेर केसांत लोहचुंबकानं चिकटलेली एक चकती, कानावर अडकवलेला छोटा माइक, तिथून निघालेली वायर पाठीवरून खाली, आणि कमरेला साबणाच्या डबीएवढी पेटी. पेटीत पेन्सिल सेल. ऑपरेशनची जखम भरल्यावर दवाखान्यातल्या मॅडमनी ती पेटी पहिल्यांदा चालू केली आणि हसून काहीतरी विचारलं. नर्मदेला ऐकू आलं ते असं: टिंग, किर्र, टिंग टिंग. तिनं मान वळवून खिडकीकडं बघितलं, कुठं सायकलची घंटी वाजते का म्हणून. मग कळलं, ही बाईच वाजतेय.

मॅडमनी कागदावर लिहून समजावलं. आवाज असे येतील हे मान्य करा. हळूहळू डोकं शिकेल, की हा टिंग म्हणजे माणूस आणि हा किर्र म्हणजे पंखा. घाई करू नका. घरच्यांनी तोंडासमोर काहीतरी धरून बोलायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि तुम्ही नुसतं ऐकायचं. रोज.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. बोईसरच्या आसपास असं यंत्र लावलेलं दुसरं माणूस कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं भाजी घ्यायला निघाली तरी चार पोरं मागून वायर बघत यायची.

घरात तर नुसता धुमाकूळ. इतक्या वर्षांत नर्मदा विसरूनच गेली होती, की वस्तू आवाज करतात. परातीत चमचा पडला की कानशिलात बसल्यासारखं व्हायचं. पिशवीतून पाव काढला तर कागदच केवढा ओरडायचा. आपल्याच बांगड्या, आपलीच चप्पल, आपलाच घास. जेवताना ती थबकली, तेव्हा मुलगी उषा घाबरली, दात दुखला की काय. नर्मदा म्हणाली, "पापड खायला केवढा दंगा होतो गं. तुम्ही रोज असंच ऐकता?"

पण तिला पापड नको होता आणि रेडिओही नको होता. डोक्याचं हाड कोरून घ्यायला ती तयार झाली ती एका आवाजासाठी. तो आवाज नागोरावांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा.

नागोराव परभणीकडचे. पॉवर हाऊसमध्ये फिटर म्हणून लागले आणि इथलेच झाले. ते नर्मदेला बघायला आले होते तेव्हा रीतीप्रमाणं तिची मान खाली. तिला दिसले ते त्यांच्या पायांचे अंगठे आणि नव्या चपलेनं लागलेली टाच. आवाज मात्र सगळाच्या सगळा ऐकू आला. "नाव काय तुमचं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं, पण असं, की विहिरीत घागर बुडावी तसं ते आत उतरलं. त्या आवाजावर ती हो म्हणून बसली. तिला कुणी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

लग्नानंतर नागोराव बायकोला नावानं हाक मारायचे. तीही कशी, 'नर्मऽदे!' मध्ये लांबवून शेवटी झटका. त्यांच्या आई गोजराबाई तेव्हा होत्या. त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. बायकोचं नाव असं गल्लीभर उधळतात होय? त्यातून नर्मदा घराबाहेर पडायला आणि ह्यांना काहीतरी आठवायला एकच गाठ. पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची नाही, काम होत नाही, हे गोजराबाईंचं ठाम मत. हाक आलीच तर जाणाऱ्यानं माघारी यायचं, पायरीवर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच पुन्हा निघायचं. नागोरावांपायी नर्मदा असं किती पाणी प्यायली असेल, देव जाणे. तेव्हा ती चिडायची.

मग उषा तिसरीत असताना नर्मदेला मेंदूचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. शुद्धीवर आल्यावर तिला वाटलं, वॉर्डातली माणसं आपण आजारी म्हणून हळू बोलताहेत.

नागोरावांना ते पटेचना. आपला आवाज पोचत नाही म्हणजे काय? शेताच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायचा तो! त्यांनी तिच्या कानाशी ओरडायला सुरुवात केली. सकाळी ओरडायचे, संध्याकाळी ओरडायचे, "मीठ कमी हाय!" एवढंसं सांगायचं तर गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या व्हायच्या. एका रविवारी तर शेजारचे धर्माजी धावत आत आले आणि नागोरावांचा हात धरून म्हणाले, "बास करा आता, बाईमाणूस आहे." त्यांना वाटलं मारहाण चाललीय. नागोराव बिचारे उपम्याबद्दल बोलत होते. नर्मदेला शब्द ऐकू आले नाहीत, पण खिडक्याखिडक्यांतली तोंडं दिसली. सगळे गेल्यावर तिनं नागोरावांच्या गळ्यावर हात ठेवला. गळा नुसता थरथरत होता.

"ओरडू नका," ती म्हणाली. "घसा फाटायलाय तुमचा. मला ऐकू तर येत नाहीच, वर जगाला तमाशा. नुसतं तोंड हलवा. मी वाचीन."

नागोरावांनी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून त्या घरात ओरडणं बंद झालं. हळूहळू बोलणंही नुसतं तोंडापुरतं राहिलं. बोलवायचं असलं की पाय आपटायचा, फरशीतून तिला कळे. लांब असली तर दिव्याचं बटण खालीवर करायचं. उषा लहानच होती, ती तर आईपेक्षा पटकन ओठ वाचायला शिकली. जेवायला बसले की तिघं भरभरून बोलायची, हसायची, वाद घालायची, आणि भिंतीपलीकडच्याला वाटावं की या घरात अबोला आहे. नर्मदा गमतीनं म्हणायचीसुद्धा, "आता मागून कितीबी हाका मारा, माझं काम अडायचं नाही." म्हणायची आणि मग पोळ्या लाटायला वळायची, कारण डोळे भरलेले कुणी बघू नयेत.

पुढं पॉवर हाऊसच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या नव्या यंत्राचं सांगितलं. खर्चाची सोय तिकडूनच झाली. ऑपरेशनला भिऊन नागोराव नको म्हणत होते. नर्मदा हट्टानं गेली. कशासाठी, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. या वयात असलं सांगतात का कुणी!

पावसाळा सरता सरता तिला कुकरची शिट्टी कळायला लागली. मग दारावरची बेल. मग जवळच्या दांडी गावाहून मासळी घेऊन येणारी तानी. परभणीच्या माणसांना बोंबील खायला याच तानीनं शिकवलं होतं. तिचा आवाज असा, की यंत्र नसतं तरी आला असता. दिवाळीच्या सुट्टीत उषा रोज दुपारी वही तोंडासमोर धरून एकेक फळ म्हणायची. पेरू, चिकू, केळं. नर्मदेला सगळ्यांचं नुसतं टिंग टिंग. एका दुपारी मात्र त्या टिंगटिंगीतून अचानक अख्खं सीताफळ बाहेर पडलं. "सीताफळ?" नर्मदा म्हणाली. उषानं वही फेकली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि त्या गडबडीत चकती सुटून लोंबकळायला लागली, तरी नर्मदेला ते कळलं नाही.

त्यानंतर आवाज भराभर यायला लागले. गोड नव्हते, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे होते, पण यायचे. उषाचा आला. तंबाखू दाढेत धरून बोलणाऱ्या धर्माजींचासुद्धा आला. टीव्हीवरच्या बातम्यांतले आकडे यायला लागले.

नागोरावांचा आवाज आला नाही.

ते समोर बसून बोलायचे, नर्मदा ओठ वाचायची, शब्द सगळे कळायचे, पण कमरेची पेटी मुकी. तिनं सेल बदलून बघितले. चकती फिरवून बसवली. मॅडमना मोघम विचारलं, तर त्या म्हणाल्या, सगळे आवाज येतील, सवय करा. संध्याकाळी उषाचा अभ्यास असला की सरावाला नागोराव बसायचे. ते मोठ्या हौसेनं पेपर तोंडासमोर धरायचे आणि एक पूर्ण बातमी वाचायचे. नर्मदा जीव कानात आणून ऐकायची. पेपरची सळसळ यायची. बाहेरची रिक्षा यायची. पॉवर हाऊसचा भोंगासुद्धा यायचा. पेपरामागून काही म्हणजे काही नाही.

मग नागोराव पेपर खाली करून, डोळे मोठे करून विचारायचे, "आलं?"

"आलं की. थोडं थोडं," नर्मदा म्हणायची.

नागोराव लहान पोरासारखे खूश व्हायचे. ते तोंड बघून तिला खरं सांगवायचं नाही. रोज खोटं बोलायची आणि रोज थोडी खचायची. तिला आपलं वाटायचं, या पेटीत बाकी सगळ्या जगाला जागा आहे, ह्या एका माणसाला नाही. दवाखान्यात काही राहून गेलं म्हणावं, तर बाकीचे आवाज कसे येतात? मग आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. इतकी वर्षं ज्या आवाजाची आठवण घासूनपुसून ठेवली, तीच आड येत असेल. नेमकं काय ते कळेना, आणि कुणाला विचारायची सोय नाही.

संक्रांत झाली आणि तिनं मनाशी ठरवलं. पुढच्या खेपेला मुंबईला जायचं तेव्हा मॅडमना सांगायचं, पुरे झालं हे. कुकरच्या शिट्टीसाठी ही वायर अंगावर वागवायची तिची इच्छा नव्हती. दुपार झाली की ती पेटी काढून डब्यात ठेवायला लागली. उषा चिडली, तर म्हणाली, डोकं दुखतं. खरं तर डोकं दुखत नव्हतं, दुसरंच काहीतरी दुखत होतं.

अशात एक दिवस तानी आली. नागोरावांची दुसरी पाळी होती, म्हणून ते सकाळी घरी होते. नाहीतर तानीची आणि त्यांची गाठ पडायचीच नाही. मागच्या पायरीवर टोपली उतरवून ती बोंबील दाखवत होती. नर्मदा वाकून निवडत होती. नागोराव दारात आले, पाय आपटला. नर्मदेनं वर बघितलं. नागोरावांनी सांगितलं, जास्त घे, संध्याकाळी धर्माजींना जेवायला बोलावलंय. नर्मदेनं मान हलवली.

तानी एकदा नागोरावांकडं, एकदा नर्मदेकडं बघायला लागली.

"काय रं दादा," ती म्हणाली, "घसा बसला काय तुजा? काडा घेतलास का नाय?"

"न्हाई बा," नागोराव तिच्याकडं वळून म्हणाले. "घशाला काय झालंय? चांगलाय की."

नर्मदेच्या हातातला बोंबील टोपलीत पडला. कारण पेटीत काहीतरी वाजलं होतं. जाड, खरखरीत, रस्त्यावर खडी ओतावी तसं. ते तानीचं नव्हतं. ती नवऱ्याकडं बघत राहिली. नागोराव पुन्हा तिच्याकडं वळले, ओठ हलले, 'काय गं, काय झालं?' ओठांतून ते तिनं वाचलं. पेटी मुकी.

नर्मदा उठली. हात मासळीचे होते, ते तिनं पदराला पुसायचेही सोडून दिले आणि सरळ नागोरावांच्या गळ्यावर ठेवले.

"बोला," ती म्हणाली.

नागोरावांचे ओठ हलले. 'हे काय करायलीस? तानी बघायलीय.'

गळा गप्प होता. तिच्या बोटांखाली काहीच थरथरलं नाही.

"अहो, बोला ना."

'बोलायलोच की!'

"काय बोलतंस?" तानी म्हणाली. "नुसता वारा निगतंय तोंडातून. बाय गो, तुज्याशी बोलताना ह्याचा आवाजच बंद होतंय. आमाला तं वाटला घसाच बसला." आणि ती खळखळून हसली. मग दोघांची तोंडं बघून तिनं नेहमीपेक्षा चार बोंबील जास्त टाकले आणि टोपली उचलून निघून गेली.

विश्वास बसू नये अशीच ही गोष्ट आहे. पण नर्मदेचा चेहरा समोर आला की घशातून आवाज काढायचा नाही, नुसता श्वास सोडायचा, ही सवय नागोरावांच्या इतकी हाडात मुरली होती, की त्यांना स्वतःला ती कळतच नव्हती. आपलं बोलणं त्यांना आतून ऐकू यायचंच. बाहेरच्यांशी ते चांगलं मोठ्यानं बोलायचे, पण ते कामावर नाहीतर रस्त्यावर, तिच्या माघारी. पेपरापलीकडं ती त्यांच्याकडंच तोंड करून बसलेली, त्यामुळं तिथंही ते मनापासून वाचत होते, श्वासावर. आणि उषानं तरी कसं ओळखावं? ती लहानपणापासून बापाचे ओठच वाचत आली होती. संध्याकाळी तिला कळलं तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली. साऱ्या घराला ओठ वाचता येत होते, मग आवाज नाही हे कळायचं कुणाला?

नर्मदेला आधी हसू आलं. नंतर भडभडून आलं. यंत्र बरोबर होतं, डोकं बरोबर होतं. हा माणूस एका रविवारी दिलेला शब्द अजून पाळत होता.

"आता बोला," ती डोळे पुसून म्हणाली. "आता ओरडलात तरी चालेल."

पण आता आवाज येईना. नागोरावांनी तोंड उघडलं, गळा ताठ केला, घाम फुटला, आणि बाहेर पडला तो वाराच. नर्मदेकडं बघितलं की घशाला कुणीतरी आतून कडी लावायचं. आरशासमोर उभे राहून ते 'नर्मदा, नर्मदा' म्हणायचे, ते चांगलं ऐकू यायचं असं उषानं सांगितलं. स्वयंपाकघरात आले की बंद. एकदा फारच जोर लावला, तर एकदम आरोळीच फुटली. पेटीत कडाडलं, नर्मदा दचकली, आणि नागोरावांनी पटकन तोंडावर हात ठेवून आधी खिडकीकडं बघितलं, धर्माजी येतात की काय.

त्यानंतर ते तिच्यासमोर यायचेच टाळायला लागले. ते तिला सगळ्यात जास्त लागलं. आधी निदान ओठ तरी होते.

"राहू द्या," तिनं एकदा त्यांना धरून बसवलं. "न्हाई आला तर न्हाई आला. तोंड हलवा तुम्ही. माझं काय अडत न्हाई."

अडत होतं. दोघांनाही ते माहीत होतं. नागोराव मान खाली घालून बसले, आणि मान खाली असल्यानं त्यांचे ओठही तिला दिसले नाहीत.

मुंबईच्या खेपेचा दिवस उजाडला. पेटी बंद करायला सांगायचं तिनं आता सोडून दिलं होतं, पण जायचा उत्साहही नव्हता. उषाला पालघरच्या कॉलेजातून सुट्टी घ्यायला लावली होती. दोघी निघाल्या. नागोराव तोंडाला साबण लावून दाढी करत होते. त्यांनी नेहमीसारखी मान हलवून निरोप दिला.

समुद्रावरचा वारा सुटला होता आणि माइकमध्ये घुसून घोंघावत होता. उषाच्या चपला, कुणाच्या तरी गॅलरीत आपटलेली बादली, फाटकाशी थांबलेल्या रिक्षाचं इंजिन. नर्मदा एकेक आवाज ओळखत चालली होती, तांदूळ निवडावेत तशी. फाटक चार हातांवर आलं.

इकडं नागोरावांना आरशात दिसलं, की मागच्या कपाटावर सेलचं पुडकं तसंच राहिलंय. जास्तीचे सेल नसले आणि वाटेत पेटी बंद पडली, तर मुंबईच्या गर्दीत ती पुन्हा ठार बहिरी. पुडकं घेऊन ते दारात धावले. नर्मदा पाठमोरी. पाय आपटून उपयोग नाही, रस्ता काही फरशी नव्हे. दिव्याचं बटण इथं कुठलं? ओठ दाखवायला तिचा चेहरा समोर नव्हता. समोर होती तिची पाठ, पाठीवरची वेणी आणि वेणीखालून पदराआड गेलेली काळी वायर.

"नर्मऽदे!"

नर्मदा थांबली. का थांबली ते तिला आधी कळलंच नाही. वारा होता, रिक्षा होती, बादली होती, आणि त्या सगळ्यांतून काहीतरी येऊन तिच्या पाठीला चिकटलं होतं. विहिरीतल्या घागरीचा तो आवाज नव्हे. खरखरीत, पत्र्याचा, म्हातारा झालेला. पण मध्ये लांबवलेलं आणि शेवटी झटका दिलेलं. तसं हे नाव जगात एकच माणूस घेत होता.

"ओ!" नर्मदा म्हणाली.

तिचा तिलाच तो शब्द नवा वाटला. किती वर्षांत तिनं कुणाला ओ दिली नव्हती. जिला हाकच येत नाही ती ओ कुणाला देणार?

ती वळली. दारात नागोराव उभे होते. अर्ध्या गालाला साबण, एका हातात सेलचं पुडकं, तोंड उघडं ते उघडंच. तेच जास्त घाबरल्यासारखे दिसत होते. धर्माजी खिडकीत आले होते, पण या खेपेला आत धावले नाहीत.

नर्मदा माघारी आली. पुडकं पिशवीत टाकलं आणि पायरीवर बसली.

"आई, चल ना, गाडी जाईल," उषा म्हणाली.

"मागून हाक मारलीय ह्यांनी. तशीच जाऊ? तुझी आजी वरून काय म्हणेल?"

नागोराव आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. समोर उभे राहून काहीतरी म्हणाले. ओठ हलले, वारा निघाला. पेटी पुन्हा मुकी. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि चेहरा उतरला.

नर्मदेनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग ती पायरीवर बसल्या बसल्या फिरली आणि त्यांच्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड केलं.

"आता बोला," ती म्हणाली.

माइकमध्ये वारा घोंघावत होता.

"पाणी," मागून आवाज आला. तो कापत होता. "पाणी घे की. गार हाय. माठातलं."

नर्मदेनं पाठमोरी राहूनच हात मागं करून तांब्या घेतला. ती पाणी प्यायली. पाण्याचे घोट केवढे मोठ्यानं वाजत होते, आणि त्यामागून नागोराव बोलतच होते, की मॅडमना नीट सगळं सांग, वायर सांभाळ, जेवून घ्या दोघी, उपाशी फिरू नका. तसं काही मोठं नव्हतं त्यात. तिला काही शब्द कळले, काही निसटले. आणि ती एकेका वाक्याला ओठ न बघता 'हं' म्हणत होती, डोळ्यांतलं पाणी तांब्यात पडत होतं आणि ती तसंच पीत होती.

शेवटी उषानं तिचा हात धरून तिला उठवलं. नर्मदा निघाली. पण आता ती भारीच सावकाश चालायला लागली. एकदा निऱ्या नीट केल्या. मग पिशवी या हातातली त्या हातात घेतली. फाटकाशी येऊन उगाचच थांबली. वळून मात्र बघितलं नाही.

"नर्मऽदे!"

"ओ!"

"अगं आई, गाडी!" उषा ओरडली.

दुसरी गाडी असते. नर्मदा माघारी आली, पायरीवर बसली, आणि पाण्यासाठी हात मागं केला.